बाळू पालवणकर : चेंडू सगळ्यांचा, चहा मात्र वेगळा

रमजानच्या दिवसांत मगरिबची अजान झाली की दस्तरखानावरचे खजुराचे ताट एका हातातून दुसऱ्या हातात जाते. शेजारपाजारचे, वेगळ्या धर्माचे मित्रही त्याच ताटातला खजूर उचलतात. एकत्र बसून खाणे ही आज साधी गोष्ट वाटते. सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्याच्या मैदानावर एका थोर गोलंदाजाला मात्र ती मिळत नव्हती. बाळू पालवणकर हे त्यांचे नाव.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाडचा, चर्मकार समाजातला. घराणे मूळचे कोकणातल्या पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. वडील लष्करात नोकरीला होते आणि कुटुंब पुण्यात राहत होते. गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ क्रिकेट शिकले. थोरल्या भावाला घरखर्चाला हातभार लावणे भागच होते. पारशी मंडळींच्या एका क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, याचे त्यांना महिन्याला तीन रुपये मिळत. पुढे ते साहेबांच्या पूना क्लबात लागले. तिथे पगार चार रुपये.

खेळपट्टी आखणे, जाळी बांधणे ही कामे उरकली की ते सरावासाठी गोलंदाजी करीत. डावखुरी, संथ फिरकी; टप्पा अचूक, वेगात फरक आणि चेंडू दोन्हीकडे वळवण्याची हातोटी. क्लबातले नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग इतरांच्या आधी येऊन त्यांच्यापुढे सराव करीत. बाळूंनी आपल्याला बाद केले की ग्रेग दर वेळी आठ आणे देत, असे सांगतात. म्हणजे साहेब आठ वेळा बाद झाला की एका महिन्याचा पगार सुटला. मात्र इतकी वर्षे गोलंदाजी करूनही त्या जाळीत बाळूंच्या हाती कोणी बॅट दिली नाही. बॅट साहेबाची, घाम नोकराचा, अशी ती वाटणी होती.

पुण्यातल्या हिंदू क्लबाला गोऱ्यांच्या संघाला हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. सवर्ण सभासदांत बरीच चर्चा झाली आणि अखेर त्यांना संघात घेतले गेले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सगळे झेलत. चहाची वेळ झाली की बाकीचे तंबूत बसून कपबशीतून चहा पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळे, तोंड धुवायला पाणी आणून देणारा माणूसही त्यांच्यासारखाच अस्पृश्य मानलेला. त्यांच्या बळींवर संघ सामने जिंकू लागला, तसा हा विरोधाभास लोकांच्या डोळ्यांत खुपू लागला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी त्यांचा सत्कार केला आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत, अशा अर्थाने संघाचे कान टोचले.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईला आले. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याकडून क्रिकेट सुरू झाले. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. धाकटे शिवरामही त्या संघात होते. आता बाळू जिमखान्यात इतरांबरोबर जेवू लागले होते. पुण्याच्या मातीच्या भांड्यापासून मुंबईच्या पंगतीपर्यंत यायला त्यांना दहा-बारा वर्षे लागली.

1911 साली पटियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. हिंदू, मुस्लिम, पारशी खेळाडू एकाच संघातून खेळले. संघाने सामने बरेच गमावले, पण पस्तिशीच्या बाळूंनी दौऱ्यात 114 बळी घेतले. सॉमरसेटविरुद्ध शिवराम 113 धावांवर नाबाद राहिले, बाळूंच्या बॅटनेही हातभार लावला आणि सामना एका गड्याने जिंकला. ज्यांना पुण्याच्या जाळीत बॅट मिळाली नव्हती, ते आता इंग्लंडच्या मैदानावर भावाच्या जोडीने धावा काढत होते. मुंबईत परतल्यावर दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे सांगितले जाते.

पुढच्याच वर्षी मुस्लिम संघ आला आणि स्पर्धा चौरंगी झाली. बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल हे चौघेही भाऊ हिंदू संघाकडून खेळले. एका घरातले चार खेळाडू चालत होते, पण कर्णधारपद दर वेळी सवर्णाकडेच जाई. कर्णधार पै यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले की हा मान ज्येष्ठतेने बाळूंचा आहे. तरीही काही बदलले नाही. 1920 साली तर बाळूंना संघातूनच वगळले आणि नेतृत्वासाठी विठ्ठलांनाही डावलले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी निवेदन काढून संघातून माघार घेतली. वृत्तपत्रांत चर्चा झाली, निवड समितीला नमते घ्यावे लागले. बाळू उपकर्णधार म्हणून परतले, भाऊही आले. अंतिम सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि संघाची सूत्रे बाळूंकडे आली. तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते.

1923 साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी त्यांनी चौरंगी स्पर्धा जिंकून दिली. थोरल्याने तीन रुपयांवर खेळपट्टी झाडून मार्ग काढला होता, तो धाकट्याला इथवर घेऊन आला.

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात उतरले. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. अस्पृश्यांच्या हक्कांच्या मार्गाबद्दल त्यांचे आणि बाबासाहेबांचे मतभेद झाले. 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. एकेकाळी ज्यांचा गौरव तरुण आंबेडकरांनी केला, तेच समोर प्रतिस्पर्धी म्हणून उभे राहिले, हे अनेकांना रुचले नाही.

4 जुलै 1955 रोजी मुंबईत बाळू पालवणकरांचे निधन झाले. प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत 179 बळी, एका बळीमागे सरासरी जेमतेम 15 धावा. भारत पहिला कसोटी सामना खेळला तो 1932 साली, त्यामुळे त्यांच्या नावावर एकही कसोटी नाही. विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले. थोरल्या भावाच्या त्या दिवसांची हकीकत आज आपल्यापर्यंत पोहोचते, ती बरीचशी या धाकट्या भावामुळे.