ॲरिस्टॉटल : एकांत आणि सहवास

थोर पुरुषांचें स्मरण करितांना आपण त्यांस बहुधा एकट्या उभ्या असलेल्या पर्वतशिखरांसारखे मानतों. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याच्याविषयीं तर हा समज फारच रूढ आहे. परंतु त्याचें चरित्र बारकाईनें पाहिलें असतां असें दिसतें कीं, एकाकीपणा हा त्याच्या वांट्यास आलेला भोग होता, आणि विद्या ही त्यानें सोबत्यांच्या संगतींत मिळविलेली कमाई होती.

त्याचा जन्म इ. स. पूर्व ३८४ मध्यें स्टॅगिरा नांवाच्या लहानशा गांवीं झाला. पिता निकोमॅकस हा मॅसिडोनियाच्या राजाचा वैद्य होता. लहानपणींच पितृछत्र हरपलें व दुसऱ्याच्या आश्रयानें तो वाढला. वयाच्या १७ व्या वर्षीं तो अथेन्स येथें प्लेटोच्या विद्यामंदिरांत दाखल झाला व तेथें २० वर्षें राहिला. तथापि त्या नगरांत तो शेवटपर्यंत परकाच गणला गेला. तेथील नागरिकांचे हक्क त्यास कधींच मिळाले नाहींत.

इ. स. पूर्व ३४७ मध्यें प्लेटो निवर्तला. तेव्हां ॲरिस्टॉटल अथेन्स सोडून आशियाच्या किनाऱ्यावर आपला मित्र हर्मियस याच्या राज्यांत गेला. तेथेंच पिथियस हिच्याशीं त्याचा विवाह झाला. पुढें तो समोरच्या लेस्बॉस बेटावर जाऊन राहिला. त्याचा तरुण सोबती थिओफ्रॅस्टस हा मूळचा याच बेटावरचा. पुढें या जोडीपैकीं एकानें प्राण्यांवर व दुसऱ्यानें वनस्पतींवर ग्रंथ लिहिले, आणि दोन्ही शास्त्रांचा पाया घातला गेला.

अरायन नांवाच्या गायकास बुडतांना डॉल्फिननें पाठीवर घेऊन तारिलें, अशी कथा ग्रीक लोकांत प्रसिद्ध होती. हा अरायन लेस्बॉसचाच. ॲरिस्टॉटल मात्र कथेवर थांबला नाहीं. कोळ्यांना जें माहीत होतें तें त्यानें गोळा केलें आणि प्राण्यांची चिरफाड करून त्यांच्या शरीराची रचना तपासली. डॉल्फिनला फुप्फुसें असतात, तो हवेंत श्वास घेतो, जाळ्यांत पाण्याखालीं अडकला तर गुदमरून मरतो, पिलांना जन्म देतो व त्यांना दूध पाजतो, हें सर्व त्यानें नमूद केलें. झोपेंत तो घोरतो, हेंही लिहिण्यास तो विसरला नाहीं. कोळी कांहीं डॉल्फिनांच्या शेपटीस खांच पाडून त्यांस सोडून देत. त्या खुणेवरून त्यांचें आयुष्य २५ ते ३० वर्षें असतें असें कळलें. लिनीअसनें १७५८ मध्यें या प्राण्यांस सस्तन वर्गांत घातलें, त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षें आधींची ही गोष्ट आहे. अर्थात् त्याच्या सर्वच नोंदी खऱ्या ठरल्या नाहींत. डॉल्फिनचें तोंड खालच्या बाजूस असतें, असें त्यानें चुकीनें लिहिलें.

त्याच नोंदींत एक हृदयस्पर्शी वृत्तांत आहे. एक लहानगा मेलेला डॉल्फिन खालीं बुडूं लागला कीं दोन डॉल्फिन त्याच्या खालीं जाऊन त्यास पाठीवर तोलून धरीत, असें पाहिल्याचें लोक सांगत. आधुनिक निरीक्षकांनींही डॉल्फिनांस मेलेलीं पिलें वाहून नेतांना पाहिलें आहे.

पुढें इ. स. पूर्व ३४३ मध्यें तो राजपुत्र अलेक्झांडर याचा गुरु झाला. ३३५ मध्यें अथेन्सला परतून त्यानें लायसीयम ही शाळा स्थापिली. तेथें गुरुशिष्य एकत्र बसून विचार करीत. निरनिराळ्या राज्यांच्या १५८ घटनांचा जो संग्रह त्याच्या नांवावर सांगतात, तो एवढा प्रचंड आहे कीं त्यामागें अनेक शिष्यांचे हात असले पाहिजेत.

३२३ मध्यें अलेक्झांडर मरण पावला आणि अथेन्समध्यें मॅसिडोनियाविरुद्ध क्षोभ उसळला. इराण्यांच्या हातीं बळी पडलेल्या हर्मियसच्या स्मरणार्थ ॲरिस्टॉटलनें पूर्वीं एक स्तोत्र रचिलें होतें. मर्त्य मानवास देवपण दिलें, असा ठपका आतां त्यावरून ठेवण्यांत आला. अशा रीतीनें मित्रप्रेमच त्याचा अपराध ठरलें. शाळा थिओफ्रॅस्टसच्या हातीं सोंपवून तो कॅल्किस येथें निघून गेला व पुढील वर्षीं तेथेंच वारला. एकटेपण वाढलें तसतशी आपली जुन्या कथांची आवड वाढत गेली, असें त्यानें उतारवयांत एका पत्रांत लिहिल्याचें सांगतात. पूर्वींच दिवंगत झालेल्या पत्नीच्या अस्थि आपल्या शेजारीं ठेवाव्या, अशी इच्छा त्यानें मृत्युपत्रांत नमूद केली होती.

विद्यार्थीमित्रहो, अभ्यासास एकांत हवाच. परंतु ज्यास जगानें ज्ञानियांचा गुरु मानिलें, त्यास कोळ्यांपाशीं बसून प्रश्न विचारण्यांत कमीपणा वाटला नाहीं. परमेश्वराची सृष्टि इतकी विशाल आहे कीं, एकट्याच्या डोळ्यांत ती मावत नाहीं. आपल्या वर्गांत जो एकटा, परगांवचा, अबोल असा सोबती असेल, त्यास आपल्या मंडळींत ओढून घ्या. त्यानें जें पाहिलें असेल तें कदाचित् तुम्हीं पाहिलेलें नसेल.