आधी ताकीद

मुंबईच्या वानखेडे स्टेडियमच्या एका प्रवेशद्वाराला विनू मंकड यांचे नाव आहे. मात्र क्रिकेटच्या जगात हेच नाव अनेक वर्षे ठपक्यासारखे वापरले गेले. खिलाडूवृत्तीविषयी त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे, म्हणून आज आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

मूलवंतराय हिम्मतलाल मंकड यांचा जन्म १२ एप्रिल १९१७ रोजी जामनगर येथे झाला. डाव्या हाताने फिरकी गोलंदाजी आणि उजव्या हाताने फलंदाजी, दोन्हींत ते अव्वल होते. रणजी स्पर्धेत ते महाराष्ट्राकडून आणि मुंबईकडूनही खेळले. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा त्यांनी १२ बळी घेतले. त्याच वर्षी लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या व एका डावात ५ गडीही बाद केले. १९५६ साली पंकज रॉय यांच्यासोबत त्यांनी रचलेली ४१३ धावांची सलामी ५२ वर्षे विक्रम म्हणून टिकली.

ठपका लागला तो १९४७ साली. स्वतंत्र भारताचा संघ प्रथमच परदेश दौऱ्यावर, ऑस्ट्रेलियात गेला होता. नोव्हेंबरमध्ये सिडनीच्या सामन्यात बिल ब्राउन हा फलंदाज, चेंडू टाकला जाण्यापूर्वीच गोलंदाजाच्या बाजूची क्रीज सोडून पुढे सरकत होता. मंकड यांनी त्याला ताकीद दिली. त्याने पुन्हा तेच केले, तेव्हा त्यांनी त्याला धावचीत केले. १३ डिसेंबरला त्याच मैदानावर दुसऱ्या कसोटीत ब्राउन पुन्हा पुढे सरकला. या वेळी मंकड यांनी ताकीद न देताच बेल उडवली.

नियमानुसार तो बाद होता. पण आधी ताकीद द्यावी, असा एक अलिखित संकेत होता. वृत्तपत्रांनी मंकड यांच्यावर टीका केली. प्रतिस्पर्धी कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी मात्र त्यांची बाजू घेतली. तरीही अशा प्रकारे बाद करण्याला मंकड यांचेच नाव चिकटले. पाऊल चोरले ब्राउनने, नाव मात्र मंकड यांचे खराब झाले.

हा संकेत आपल्याला परका नाही. संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशू हेच शिकवतो : बंधू चुकला तर आधी त्याला एकांतात सांगावे. मंकड यांनी एकदा सांगितले होते. दर वेळी सांगायला हवे होते का? त्याच अध्यायात पेत्रही विचारतो, किती वेळा क्षमा करावी? प्रभूचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे. अर्थात क्षमा म्हणजे पाऊल चोरण्याचा परवाना नव्हे. नियम पाळण्याची जबाबदारी आधी फलंदाजाची असते.

याहून मोठा प्रश्न नावाचा आहे. संत थॉमसला जग संशयी म्हणून ओळखते, तेही एका संध्याकाळच्या अविश्वासामुळे. ज्याने प्रभूला देव म्हणून कबूल केले आणि परंपरेनुसार मद्रासच्या मैलापूर येथे रक्त सांडले, तो थॉमस मागे राहतो. मंकड यांचेही तसेच झाले. २१ ऑगस्ट १९७८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा असा वापर थांबवावा, असे सुनील गावसकर यांनी वारंवार सांगितले. २०२२ साली क्रिकेटच्या नियमावलीत हा प्रकार अनुचित खेळाच्या कलमातून काढून साध्या धावचीतच्या कलमात ठेवण्यात आला. न्याय मिळायला ७५ वर्षे लागली.

आपल्या धर्मग्रामातही एखाद्याला एका दिवसाच्या चुकीवरून नाव पडते आणि ते वीस वर्षे सुटत नाही. त्याला एकांतात सांगायला कोणी जात नाही, पाठीमागे मात्र सगळे बोलतात. या आठवड्यात आपण असे एक नाव उच्चारणे सोडू या आणि त्या माणसाला त्याच्या बाप्तिस्म्याच्या नावाने हाक मारू या.