फ्रांत्झ फॅनन : माणसाला आधी समजून घेणारा डॉक्टर

फ्रांत्झ फॅनन यांचा जन्म २० जुलै १९२५ रोजी कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर झाला. तेव्हा ही फ्रान्सची वसाहत होती. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रान्सच्या बाजूने लढले, जखमी झाले, शौर्यपदकही मिळालं. पण त्याच फ्रान्समध्ये त्यांची ओळख मात्र कातडीच्या रंगावरूनच ठरायची.

ल्यों शहरात शिकून ते मनोविकारतज्ज्ञ झाले. सततच्या अपमानाने माणसाचं मन कसं जखमी होतं, यावर १९५२ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक आलं.

१९५३ मध्ये ते अल्जेरियातील ब्लिदा येथील मनोरुग्णालयात रुजू झाले. अल्जेरियन मुसलमान मुळातच मागास आणि हिंसक असतो, असं तिथले नामवंत फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ तेव्हा शिकवत! म्हणजे रुग्णाला तपासण्याआधीच निदान तयार.

फॅनन यांनी वॉर्डात सभा, गाणी, सिनेमा असे उपक्रम सुरू केले. युरोपियन स्त्रियांना त्याचा फायदा झाला. मुसलमान पुरुष मात्र गप्पच राहिले. फॅनन यांनी रुग्णांना दोष दिला नाही. हे उपक्रमच त्यांच्यासाठी परके आहेत, हे त्यांनी ओळखलं. मग रुग्णालयात त्यांच्या पद्धतीचं कॉफीगृह आलं, त्यांचे सण साजरे होऊ लागले, गोष्टी सांगणारा येऊ लागला. माणसं हळूहळू बोलती झाली.

असाच अनुभव एका चाचणीचा. चित्र दाखवून गोष्ट सांगायला लावायची, अशी ती चाचणी. मुसलमान स्त्रियांना ती जमेना. त्यांच्याकडे कल्पनाशक्ती नाही असं म्हणणं सोपं होतं. पण ती चित्रं पाश्चात्त्य जीवनातली होती. या बायकांच्या घराशी, गावाशी त्यांचा संबंधच नव्हता. चूक चाचणीची होती.

पुढे स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. छळ झालेले लोक आणि छळ करणारे पोलीस, दोघेही त्यांच्याकडे उपचाराला आले. समाजच आजारी असताना एकट्या रुग्णाला बरं करता येत नाही, हे जाणून १९५६ च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. त्यांना देशाबाहेर काढण्यात आलं. ट्युनिसमध्ये त्यांनी काम चालू ठेवलं. ६ डिसेंबर १९६१ रोजी, अवघ्या ३६ व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

शिक्षक-पालकांनो, वर्गातलं एखादं मूल उत्तर देत नाही, तेव्हा आपण पटकन त्याला मंद ठरवतो, नाही का? त्याआधी एकदा आपला प्रश्न तपासून पाहूया. तो त्याच्या भाषेतला, त्याच्या जगातला आहे का?