नकार ऐकू न येणाऱ्या ज्युलिएटबाई

मुलींच्या गटासाठी दर आठवड्याला दोन तास देणारी बाई मिळवणे किती कठीण असते, हे अशा कामात पडलेल्यांना सांगायला नको. अमेरिकेत गर्ल स्काऊट चळवळ सुरू करणाऱ्या ज्युलिएट गॉर्डन लो यांना मात्र ते जमत असे. त्यांना कमी ऐकू यायचे आणि नकार तर मुळीच ऐकू येत नसे!

त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८६० रोजी जॉर्जिया राज्यातील सव्हाना शहरात एका सुखवस्तू घराण्यात झाला. तरुणपणी चुकीच्या उपचारामुळे त्यांचा एक कान अधू झाला. १८८६ साली त्यांचे लग्न झाले. आपल्यासारखी तांदूळ उधळण्याची रीत तिकडेही आहे. त्यातला एक दाणा त्यांच्या दुसऱ्या कानात अडकला, जखम चिघळली आणि तो कानही गेला. संसारही सुखाचा झाला नाही. मूलबाळ नव्हते, पती विल्यम लो दुसऱ्या बाईच्या नादी लागले. १९०५ साली ते वारले, तेव्हा मृत्युपत्रात बहुतेक मिळकत त्या बाईच्या नावे निघाली. ज्युलिएटबाईंना आपल्या वाट्यासाठी भांडावे लागले. पैसा मिळाला, पण पुढचे आयुष्य कशासाठी घालवायचे हा प्रश्न राहिलाच.

१९११ साली इंग्लंडमध्ये त्यांची गाठ स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांच्याशी पडली. त्याच वर्षी स्कॉटलंडमधील ग्लेन लायन या खोऱ्यात ज्युलिएटबाईंनी सात मुलींची गाइड तुकडी काढली. या गरीब मुलींना पोटासाठी लहान वयातच गाव सोडून कारखान्यात जावे लागे. म्हणून गाठी मारणे, नकाशा वाचणे, प्रथमोपचार यांच्या जोडीला त्यांनी मुलींना लोकर कातायला व कोंबड्या पाळायला शिकविले. लंडनमध्येही तुकडी काढली आणि ती सांभाळायला रोझ केर या ओळखीच्या बाईंना गाठले. आपल्याला अजिबात वेळ नाही, असे केरबाईंनी परोपरीने सांगितले. ज्युलिएटबाईंना त्यातले काही ऐकूच आले नाही. पुढे याच केरबाई गाइड चळवळीच्या मोठ्या कार्यकर्त्या झाल्या. अशी माणसे ओढून आणण्याची पद्धत सर्वांना रुचेल असे नाही, पण तिच्यामुळेच तुकड्या उभ्या राहिल्या, हे आपण मान्य करायला हवे.

१२ मार्च १९१२ रोजी सव्हानात १८ मुलींची पहिली तुकडी स्थापन झाली. सुरुवातीच्या मुली चर्चमधून आल्या, यहुदी सभास्थानातून आल्या, अनाथाश्रमातूनही आल्या. त्या काळी मुलींनी धावणे-खेळणे लोकांना रुचत नसे, म्हणून त्यांच्या बास्केटबॉलच्या मैदानाभोवती कनातीचे पडदे लावीत. काळ्या मुलींना मात्र त्या दक्षिणेकडील राज्यांत दीर्घकाळ प्रवेश मिळाला नाही. चळवळीची ही उणीव झाकण्यात अर्थ नाही.

पहिली काही वर्षे संघटनेचा खर्च बाई स्वतःच करीत. १९१४ साली पैसे कमी पडले, तेव्हा त्यांनी आपला मोत्यांचा हार ८,००० डॉलर्सना विकला. श्रीमंतांच्या मेजवानीला गाजर आणि भाजीचा पाला लावलेली टोपी घालून जायच्या. लोक टोपीकडे पाहू लागले, की संघटनेसाठी वर्गणी मागायच्या!

पुढे त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. तरीही १९२६ साली न्यू यॉर्कजवळ भरलेल्या आंतरराष्ट्रीय शिबिरासाठी त्या झटत राहिल्या. देशोदेशींच्या मुलींनी एकत्र राहावे ही त्यांची मोठी हौस होती. १७ जानेवारी १९२७ रोजी त्यांचे निधन झाले आणि गर्ल स्काऊटच्या गणवेशातच त्यांना पुरण्यात आले. मैत्रिणींनी त्यांच्या नावे निधी उभारला, तोही मुलींच्या अशा देशोदेशींच्या भेटीगाठींसाठीच. जागतिक गाइड संघटनेचे असेच एक केंद्र १९६६ साली आपल्या पुण्यात उघडले. त्याचे नाव 'संगम'.