दीड डॉलरचे विद्यालय : मेरी मॅक्लाऊड बेथ्यून

जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, अमेरिकेतील ज्या लोकांनी कृष्णवर्णीय गुलामांस दास्यमुक्त केले त्यांस अर्पण केला, हे आमच्या वाचकांस विदित आहेच. परंतु त्या मुक्त झालेल्यांच्या मुलाबाळांचे पुढे काय झाले, याची चौकशी आपणांपैकी थोड्यांनीच केली असेल. त्या ग्रंथानंतर दोनच वर्षांनी, १० जुलै १८७५ रोजी, दक्षिण कॅरोलिना राज्यातील मेझव्हिल गावानजीक जन्मलेल्या एका कन्येचे चरित्र आम्ही येथे सादर करीत आहो.

मेरी ही मॅक्लाऊड दांपत्याच्या सतरा अपत्यांपैकी पंधरावी. आईबाप गुलामगिरीतून सुटलेले. कापूस पिकविणे व वेचणे हाच घरादाराचा उद्योग. आई ज्या गोऱ्यांकडे कामास जाई, तेथे लहानग्या मेरीने एकदा कुतूहलाने पुस्तक हाती घेतले, तेव्हा तुला वाचता येत नाही, ते खाली ठेव, असे तिला बजावण्यात आले. तो सल तिच्या मनातून कधीच गेला नाही. गावाजवळ मिशनची शाळा निघताच ती मैलोगणती चालत तेथे जाऊ लागली, आणि सायंकाळी घरच्यांस अक्षरे शिकवू लागली. दूरच्या एका क्वेकर शिवणकाम करणाऱ्या बाईने आपल्या कमाईतून तिच्या पुढील शिक्षणाचा खर्च उचलला. शिष्यवृत्तीच्या निधीस पाचदहा रुपये देताना संकोचणाऱ्यांनी या अज्ञात बाईचे स्मरण अवश्य ठेवावे! शिकागोचे बायबल विद्यालय पुरे झाल्यावर मेरीने आफ्रिकेत मिशनरी म्हणून जाण्याची इच्छा दर्शविली. परंतु कृष्णवर्णीयांस तेथे जागा नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हा आपली आफ्रिका येथेच आहे, असे तिने ठरविले.

१८९८ साली अल्बर्टस बेथ्यून यांच्याशी विवाह झाला. तो संसार फार काळ टिकला नाही. त्याविषयी अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

३ ऑक्टोबर १९०४ रोजी फ्लोरिडातील डेटोना येथे मेरीबाईंनी विद्यालय उघडले. जवळ भांडवल दीड डॉलर. विद्यार्थिनी पाच, आणि सहावा त्यांचा स्वतःचा लहानगा मुलगा. खोक्यांची बाके, जळक्या काटक्यांच्या पेन्सिली, रानफळांच्या रसाची शाई! शहराचा केरकचरा जेथे टाकीत, ती जागा विकत घेण्यासाठी बाईंनी रताळ्याच्या गोड कचोऱ्या व आइस्क्रीम विकून विसाराचे पाच डॉलर जमविले. साबणाचे प्रसिद्ध कारखानदार जेम्स गॅम्बल विद्यालय पाहण्यास आले, तेव्हा ज्या संस्थेचे विश्वस्त व्हावयाचे ती आहे तरी कोठे, असे त्यांनी विचारले. ती आपल्या मनात आहे, असे बाईंनी सांगितले. गॅम्बल विश्वस्त झाले. वर्गणीसाठी दारोदार फिरलेल्या आमच्या कार्यकर्त्यांस या उत्तराचे मोल निराळे सांगावयास नको.

परंतु धनिकांपुढे हात पसरूनही बाईंनी मान तुकविली नाही, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. विद्यालयाच्या सभांत गोऱ्यांसाठी वेगळी बैठक नसे. एक विद्यार्थिनी आजारी पडली असता गोऱ्यांच्या रुग्णालयाने तिला मागील ओसरीवर ठेवले. तेव्हा १९११ साली बाईंनी स्वतःचेच रुग्णालय काढले. १९२० साली स्त्रियांस मताधिकार मिळाला. मतदारांवरील कराची रक्कम जमवून व लोकांस लिहावयास शिकवून बाईंनी कृष्णवर्णीयांची नावे नोंदविली. मग एका निवडणुकीच्या आदल्या रात्री कू क्लक्स क्लानचे झगेधारी लोक विद्यालयावर चालून आले. बाईंनी दिवे लावविले, मुलींनी प्रार्थनागीते म्हटली, आणि झुंड परत गेली. दुसऱ्या दिवशी बाई आपल्या लोकांसह मतदानास गेल्या.

१९२३ साली जॅक्सनव्हिलच्या कुकमन संस्थेशी एकीकरण झाले. १९४१ पासून चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. आरंभी शिवण, स्वयंपाक व बायबल शिकविणारी शाळा अशा रीतीने महाविद्यालय बनली. २००७ साली ती विद्यापीठ झाली. मधल्या काळात, १९३५ साली, बाईंनी कृष्णवर्णीय स्त्रियांची राष्ट्रीय परिषद स्थापिली, व पुढील वर्षी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या शासनात तरुणांच्या साहाय्यकार्यातील एका विभागाची सूत्रे हाती घेतली.

१८ मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. महाविद्यालयाच्या आवारात, राहत्या घरामागे, त्यांची समाधी आहे. २०२२ साली वॉशिंग्टनच्या संसदभवनात फ्लोरिडा राज्याच्या वतीने त्यांचा संगमरवरी पुतळा बसविण्यात आला. तेथे पूर्वी, गुलामगिरी राखण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या एका सेनापतीचा पुतळा होता.