बिअरच्या पिंपापासून ऊर्जेच्या सिद्धांतापर्यंत

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात हवेची गळती कोणाला अपरिचित नाही. भोसरीतल्या लहानशा वर्कशॉपमध्येही एक कॉम्प्रेसर असतोच आणि शिफ्ट संपून यंत्रे शांत झाली, की पाइपच्या एखाद्या जोडातून सुटणाऱ्या हवेचा बारीक सुस्कारा ऐकू येतो. मग कोणी ब्रशने साबणाचे पाणी लावतो. कोणी दाबाची हवा भरलेले कास्टिंग हौदात बुडवून बुडबुडे शोधतो. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका गृहस्थानेही दाबाची हवा भरलेले तांब्याचे भांडे असेच पाण्यात बुडवले होते. त्याला मात्र बुडबुडे नको होते, उष्णता मोजायची होती. या गृहस्थाचे नाव जेम्स प्रेस्कॉट ज्यूल. व्यवसायाने तो बिअर तयार करणारा होता.

ज्यूल हे नाव आपल्याकडे शालेय पुस्तकातील ऊर्जेचे एकक म्हणून पाठ असते, बिस्किटाच्या पुड्यावरही ते कधी दिसते. त्यामागचा माणूस मात्र फारसा ठाऊक नसतो.

मँचेस्टरला खेटून असलेल्या सॅलफर्ड गावी २४ डिसेंबर १८१८ रोजी ज्यूलचा जन्म झाला. घरची ब्रुअरी होती, पैसा मुबलक होता. पण मुलाची प्रकृती नाजूक आणि पाठीचा कणा कमकुवत. त्यामुळे शिक्षण घरीच झाले. १८३४ मध्ये वडिलांनी त्याला आणि त्याच्या भावाला अणुसिद्धांताचे जनक जॉन डाल्टन यांच्याकडे शिकायला पाठवले. १८३७ मध्ये डाल्टन यांना पक्षाघात झाला आणि ही शिकवणी थांबली. विद्यापीठाची पायरी ज्यूल कधीच चढला नाही. दिवसा ब्रुअरीचा कारभार आणि उरलेल्या वेळात वडिलांनी घरातच करून दिलेल्या प्रयोगशाळेत प्रयोग, असा त्याचा क्रम होता.

त्याची पहिली जिज्ञासाही धंद्यातूनच आली. ब्रुअरीतील वाफेच्या इंजिनाऐवजी नव्याने आलेली विजेची मोटर लावली तर स्वस्त पडेल काय? हिशेब मांडल्यावर बॅटरीतील जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग पडते, हे त्याला दिसले. मोटरचा नाद सुटला, पण त्या हिशेबातूनच तारेतील विजेमुळे किती उष्णता निर्माण होते याचा नियम त्याला १८४० च्या सुमारास गवसला. पुढे एकच प्रश्न त्याच्या मनात घर करून राहिला: खर्ची पडलेले काम जाते कुठे?

त्या काळी उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, तो नव्याने निर्माण होत नाही आणि नाहीसाही होत नाही, असे बहुतेक विद्वान मानत. काम उष्णतेत रूपांतरित होते, तेही ठरलेल्या प्रमाणात, असे ज्यूलचे म्हणणे होते. १८४३ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे शास्त्रज्ञांच्या परिषदेत त्याने ते मांडले, तेव्हा सभेने त्याची फारशी दखलही घेतली नाही.

मग आला १८४४ चा प्रयोग. तांब्याची दोन भांडी एका तोटीने जोडलेली. एकात २२ वातावरणांच्या दाबाची हवा कोंबलेली, दुसऱ्यातील हवा काढून टाकलेली. दोन्ही पाण्यात बुडवून, पाणी स्थिर झाल्यावर त्याने तोटी उघडली. हवा रिकाम्या भांड्यात धावली, पण पाण्याचे तापमान बदलले नाही. हवेने बाहेरच्या कशालाही ढकलले नाही, म्हणजे काम केले नाही. म्हणून उष्णताही खर्च झाली नाही. उलट हीच हवा बाहेरच्या वातावरणात सोडली, तेव्हा पाणी थंड झाले. कारण तिला वातावरण मागे रेटावे लागले होते.

या प्रयोगाचे सारे यश तोटी आणि जोड यांच्यावर अवलंबून होते. भांड्यातून थोडी जरी हवा बाहेर सुटली असती, तरी तिने वातावरणाला ढकलले असते, पाणी गार झाले असते आणि निष्कर्ष उलटा निघाला असता. एखाद्या सैल वॉशरने विज्ञानाचा मूलभूत नियम झाकोळला असता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. अंशाच्या दोनशेव्या भागापर्यंत तापमान वाचणाऱ्या ज्यूलच्या हातात ब्रुअरीचे संस्कार होते, असे काही इतिहासकार मानतात. बिअर करणाऱ्याला तापमान सांभाळावे लागते, ते याच्या अंगवळणी पडले होते. रॉयल सोसायटीने मात्र हा निबंध आपल्या ग्रंथात छापला नाही. १८४५ मध्ये तो दुसऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

ज्या घरगुती बिअरच्या पिंपांना, म्हणजे केगना, आज ठिकठिकाणचे हौशी कारागीर वायूसाठी जपतात, तेथे ज्यूलचीच शिस्त कामी येते. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, त्यामुळे हा छंद परदेशस्थ मराठी घरांतच शोधावा लागेल.) कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवरील दाबमापक गळतीच्या बाबतीत फसवा असतो. आतला वायू द्रवरूपात असतो. थोडा सुटला की द्रवाचे बाष्प होऊन दाब पूर्ववत होतो, म्हणून वीस अंश तापमानाला काटा सुमारे ५७ बारवरच राहतो आणि द्रव संपला की एकदम कोसळतो. खरा हिशेब वजनकाट्यावर कळतो. काम ज्यूलच्याच रीतीने, एकेक भाग वेगळा करून करायचे. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून नळीतला दाब तासाभराने पाहावा. मग नळी, मग पिंप. साबणाचे पाणी झाकणाच्या रबरी कड्याला, जोडांना आणि सुरक्षा व्हॉल्व्हला लावावे. बुडबुडा दिसला तर बहुधा कडे कोरडे पडलेले किंवा चिरलेले असते. ते बदलावे किंवा त्याला खाद्यपदार्थांना चालणारे ग्रीस लावावे. ज्या जोडात वॉशरच वायू अडवतो, तेथे टेफ्लॉन टेप गुंडाळणे व्यर्थ. आणि ताज्या, थंड बिअरच्या पिंपात दाब उतरला म्हणजे गळतीच, असे नव्हे. बिअरही वायू शोषून घेते. बंद खोलीत साठलेला हा वायू प्राणघातक ठरू शकतो, तेव्हा खिडकी उघडी असावी.

ज्यूलचे नशीब १८४७ मध्ये फळफळले. ऑक्सफर्डच्या परिषदेत पाण्यात पंखा फिरवून तापमान वाढवल्याचे प्रयोग तो सांगत होता. श्रोत्यांत बाविशीचा विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, बसला होता. शंका घेतघेतच त्याला त्यातले महत्त्व उमगले. त्याच वर्षी ज्यूलने अमेलिया ग्राइम्सशी विवाह केला. मधुचंद्रातही त्याने थर्मामीटर सोबत नेला होता आणि धबधब्याच्या वरचे व खालचे तापमान ताडून पाहण्याचा त्याचा बेत होता, ही कथा थॉमसननेच पुढे सांगितली. विज्ञानविश्वात ती अजूनही रंगवून सांगितली जाते.

१८५२ पासून दोघांनी मिळून दाबाचा वायू सच्छिद्र बोळ्यातून सोडण्याचे प्रयोग केले. वायू किंचित थंड होतो, असे आढळले. भांड्यांच्या प्रयोगात भोवतालच्या पाण्याने गिळलेला तो सूक्ष्म फरक आता पकडीत आला होता. याच परिणामावर कार्ल फॉन लिंडे याने १८९५ मध्ये हवा द्रवरूप केली. सिलिंडरमधून वायू जोरात सुटला, की रेग्युलेटरवर बर्फ धरतो. त्यामागेही हाच परिणाम आहे.

१८५४ हे वर्ष मात्र कठीण गेले. अमेलियाचे निधन झाले, दोन मुले मागे राहिली आणि ब्रुअरीही विकली गेली. मानसन्मान मिळत राहिले. १८७० मध्ये कोप्ले पदकही आले. पण साठवलेला पैसा आटला आणि १८७८ मध्ये सरकारने त्याला वर्षाला २०० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. त्याच वर्षी त्याने काम आणि उष्णता यांचे प्रमाण पुन्हा एकदा मोजले.

१८८९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस येथील विद्युत परिषदेने ऊर्जेच्या एककाला त्याचे नाव दिले. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी सेल या गावी ज्यूलचे निधन झाले. तेथील ब्रुकलँड्स दफनभूमीत त्याच्या समाधीवर एक आकडा कोरला आहे, ७७२.५५. एक पौंड पाणी एक फॅरनहाइट अंशाने तापवण्यास तितके फूट-पौंड काम लागते, असे त्याचे १८७८ चे उत्तर होते. आजचे मोजमाप सुमारे ७७८ सांगते.