गायरानाचा कवी : जॉन क्लेअर

दि. १३ जुलै १७९३ रोजी इंग्लंडमधील हेल्पस्टन या खेड्यात एका शेतमजुराच्या घरी जॉन क्लेअर यांचा जन्म झाला. वडील पार्कर मळणीचे काम करीत. आई अ‍ॅन यांना अक्षरओळख नव्हती. शेजारच्या ग्लिंटन गावी चर्चमध्ये भरणाऱ्या शाळेत ते थोडेफार शिकले आणि लहान वयातच मजुरीला लागले.

त्या काळी गावाभोवती विस्तीर्ण माळरान होते. मालकी जमीनदाराची असली, तरी तेथे गुरे चारण्याचा व सरपण गोळा करण्याचा गरिबांचा वहिवाटीचा हक्क असे. कायद्यात या हक्काला ‘कॉमन’ म्हणत. आपल्या गायरानासारखाच तो प्रकार. परंतु काळ फिरला होता. रूथने वेचला तसा सरवा वेचणे हा गरिबांचा कायदेशीर हक्क नव्हे, असा निर्णय इंग्लंडच्या न्यायालयाने १७८८ मध्येच दिला होता. पुढे १८०९ मध्ये हेल्पस्टन व आसपासच्या गावांसाठी ‘एन्क्लोजर’चा कायदा संमत झाला. माळरानाची वाटणी होऊन कुंपणे उभी राहिली. पोटासाठी ती घालण्याची मजुरी खुद्द क्लेअर यांनाही करावी लागली.

त्यांचा जीव रमे तो पाखरांत. नाइटिंगेल हा साधा तपकिरी पक्षी असून तो रात्रीप्रमाणे दिवसाही गातो, हे त्यांनी स्वतः निरखले होते. ओकच्या वाळक्या पानांचे त्याचे घरटे व त्यातील अंडी त्यांनी हात न लावता न्याहाळली. घुबड आणि रातवा हेही त्यांच्या काव्यात आले. रातवा घरटे बांधीत नाही. उघड्या माळावर, भुईवरच अंडी घालतो. तो रात्री शेळ्यांचे दूध पितो, असा आळ लोकांनी त्यावर घेतला होता. वास्तविक तो किडे खाऊन जगतो.

असाच आळ क्लेअर यांच्यावरही आला. एकदा रानात फिरत असता रखवालदाराने त्यांना चोरटा शिकारी समजून हटकले. पराव्या जमिनीत शिरणे म्हणजे ‘ट्रेसपास’. इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात प्रभूच्या प्रार्थनेतील अपराधांसाठी हाच शब्द योजिला आहे. ज्या वाटेने बालपण गेले तीच वाट चालणे आता अपराध ठरले होते!

वडील संधिवाताने खचले, तेव्हा त्यांना पॅरिशच्या मदतीवर जगावे लागले. अशा मनुष्यास कायदा ‘पॉपर’ म्हणे. या शब्दात केवळ दारिद्र्य नाही. दुसऱ्याच्या हुकमतीखाली गेल्याची मानहानीही आहे. स्वॉर्डी वेल नावाची जुनी खाण एन्क्लोजरनंतर रस्त्यांच्या दगडासाठी पॅरिशकडे गेली. तिच्यावरील कवितेत क्लेअर यांनी त्या जमिनीलाच बोलते केले. पॅरिशच्या दयेवर पडलेल्या पॉपरप्रमाणे ती आपले गाऱ्हाणे मांडते.

१८२० मध्ये त्यांचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला व वर्षभरात त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्याच वर्षी त्यांचा मार्था टर्नर यांच्याशी विवाह झाला. परंतु कीर्ती ओसरली, कुटुंब वाढले, मन खचले. १८३७ मध्ये त्यांना एपिंगच्या अरण्यातील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. १८४१ च्या जुलैत तेथून निघून ते सुमारे ८० मैल पायी चालत घराकडे आले; वाटेत भुकेपोटी त्यांनी रस्त्याकडेचे गवत खाल्ले. वर्षअखेर त्यांना नॉर्थॅम्प्टनच्या मनोरुग्णालयात नेण्यात आले. तेथेच, कविता लिहीत, २० मे १८६४ रोजी त्यांचे देहावसान झाले. हेल्पस्टनच्या चर्चच्या आवारात त्यांना मूठमाती मिळाली.

स्वॉर्डी वेल आज वन्यजीवांसाठी राखून ठेवलेली आहे. भूमी परमेश्वराची, आपण तीवर केवळ उपरे, असे लेवीयाच्या २५ व्या अध्यायात आपण वाचतो. प्रिय वाचकहो, आपल्या कुंपणाबाहेर कोणाचा सरवा व कोणते घरटे राहून गेले आहे, हे एकदा पाहून यावे.